जप्त केलेलं धारपांचं पुस्तक

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. "आबा, तुमच्याकडे नारायण धारपांची पुस्तकं आहेत का?"

मी चाटच पडलो. हा मुलगा इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठी वाचतो ते दुकानांच्या पाट्या आणि लग्नाच्या पत्रिका. त्याला एकदम धारप कुठून आठवले? चौकशी केली तेव्हा कळलं की त्याने मोबाईलवर 'तुंबाड' हा सिनेमा पाहिला. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ साली आला तेव्हा बेताचाच चालला आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा थिएटरं भरली. तर त्यातली ती भयंकर म्हातारी धारपांच्या 'आजी' या कथेवरून सुचलेली आहे असं त्याला कुणी मित्राने सांगितलं. मग मीही थोडी गुरुजीगिरी केली. म्हटलं, बाबा रे, 'तुंबाड' हे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधलं, आणि धारपांच्या आजीचं मूळ स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या एका आजीत आहे. म्हणजे अमेरिकेतली आजी पुण्यात आली आणि पुण्याहून कोकणात गेली. तो हसला. म्हणाला, "ते सगळं राहू द्या आबा, पुस्तक आहे का सांगा."

आहे. एक आहे. 'दिवा मालवू नका'. आतल्या कोऱ्या पानावर माझ्याच अक्षरात लाल शाईने लिहिलंय : 'जप्त. इयत्ता ९ वी. ऑगस्ट १९८८'.

आज त्याच पुस्तकाविषयी लिहायचं आहे. खरं म्हणजे पुस्तकाविषयी कमी आणि अंधाराविषयी जास्त.

मी तेव्हा उमरगा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. राहायला उमरग्यात, सायकलवर ये-जा. त्या दिवशी तास इतिहासाचा होता. मी हैदराबाद मुक्तिसंग्राम रंगवून रंगवून सांगत होतो. निजाम, रझाकार, कासीम रझवी, पोलीस अ‍ॅक्शन. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा पाठ्यपुस्तकात डोकं खुपसून बसलेला. मला आधी बरं वाटलं, पोरगं तल्लीन झालंय! जवळ गेलो तर पाठ्यपुस्तकाच्या आत धारप. हातावर दोन पट्ट्या दिल्या आणि पुस्तक घेतलं. "असली भुताखेतांची पुस्तकं वाचून डोकं फिरतं" वगैरे जे म्हणायचं ते म्हटलं. पोरगं रडलं नाही. एवढंच म्हणालं, "सर, वीसच पानं राहिलीत."

"वार्षिक परीक्षा झाली की घेऊन जा."

तो काही आला नाही आणि मीही बोलावून दिलं नाही.

आता कबूल करायला हरकत नाही. त्याच रात्री ते पुस्तक मी वाचायला घेतलं. अर्धं झालं असेल-नसेल तेवढ्यात लाइट गेली. चिमणी लावली आणि पुढे वाचत राहिलो. नंतर अंगणापलीकडे जायची वेळ आली तेव्हा सदतीस वर्षांच्या या इतिहासाच्या शिक्षकाने बायकोला उठवलं आणि "कंदील घेऊन जरा दारात उभी राहा" म्हणून सांगितलं. ही अजूनही चार पाहुण्यांत ते सांगते.

ज्यांनी धारप वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जन्म १९२५, मृत्यू २००८. विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी मराठीत भयकथा-कादंबऱ्यांचा ढीग घातला. 'लुचाई', 'चेटकीण', 'ग्रहण', 'काळी जोगीण' ही काही नावं. आमच्याकडे ती एस.टी. स्टँडवरच्या दुकानात आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या टपरीवर मिळायची, बहुतेक वेळा पहिलं नाहीतर शेवटचं पान गेलेली. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यांना कधी आपलं म्हटलं नाही. माझ्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात खांडेकर होते, फडके होते, मर्ढेकर होते. धारपांचं नाव वर्गात घेतलं असतं तर हशा झाला असता. त्यांनी बाहेरून बरंच घेतलं हेही खरं. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'ची आणि 'लुचाई'ची नाळ एकच आहे. पण माणसं मात्र अस्सल आपली. पेन्शनर, कारकून, कॉलेजात शिकवणारे, भाड्याच्या वाड्यात राहणारे. त्या वाड्यातल्या एका खोलीतला अंधार हळूहळू नुसता अंधार राहत नाही.

या गोष्टींचा एक साचा आहे. पाप बाहेरून येतं. त्याला आत यायला एखादा दरवाजा लागतो आणि तो दरवाजा कुणीतरी लोभापोटी किंवा कुतूहलापोटी उघडून देतो. मग दोन-चार साधी माणसं, बऱ्याचदा त्यात एखादा जाणता म्हातारा किंवा एखादं लेकरू, जीव मुठीत धरून त्याच्यासमोर उभी राहतात. धारपांचा 'समर्थ' नावाचा नायक तर त्यासाठीच आहे. अखेर उजेड जिंकतो. सगळ्याच पुस्तकांत जिंकत नाही, पण उजेड कुठला आणि अंधार कुठला याबद्दल वाचकाच्या मनात शंका राहत नाही.

माझ्या आजीच्या भुतांचा कारभार मात्र अगदी वेगळा होता. माझं जन्मगाव नळदुर्गापासून चार कोसांवर. मी जन्मलो १९५१ साली आणि गावात वीज आली तेव्हा मी कॉलेजात होतो. तोवर रॉकेलची चिमणी, कंदील आणि बाकी सगळा अंधार. त्या अंधारात पिंपळावर मुंजा होता, ओढ्यावर हडळ होती, शेताच्या वाटेवर चकवा होता. पण यातलं कुणी परकं नव्हतं. मुंजा कुणाच्या घरातला, सोडमुंज होण्याआधी कसा गेला, हडळ कुणाची सून, बाळंतपणात कशी मेली, हे सगळं आजीला ठाऊक. त्यांचे पत्ते ठरलेले, वेळा ठरलेल्या. भाकरीचा तुकडा, नारळ, फारच झालं तर कोंबडं दिलं की ती गप्प बसत. आजी म्हणायची, "भुताला काय भ्यायचं? ते गरीब असतंय. निवद दिला की जातंय." गावाने ज्यांच्यावर अन्याय केला तीच माणसं मेल्यावर झाडावर जाऊन बसली होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

देव-दैत्यांचंही तेच. आमच्या जिल्ह्याची ओळखच मुळी तुळजापूर. आई तुळजाभवानी म्हणजे महिषासुरमर्दिनी. तिथली कथाही अंधारातलीच म्हणायची. कर्दम ऋषींच्या मागे एकटी राहिलेली अनुभूती तप करत बसलेली असते, कुकुर नावाचा दैत्य तिला छळायला येतो, देवी धावून येते, दैत्य रेड्याचं रूप घेतो आणि देवी त्याला मारते. सज्जन-दुर्जन याहून स्पष्ट काय असणार? पण तुळजापूरहून गावी परत आलात की शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड दिसतो, तो म्हसोबा. दामोदर धर्मानंद कोसंबींनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये दाखवलंय की म्हसोबा म्हणजे महिषासुरच, आणि काही ठिकाणी तर त्याचं देवीशी लग्नही लागलेलं आहे. म्हणजे देवळात जो मारला जातो त्यालाच बांधावर नारळ फुटतो. माझे वडील तुळजापूरला दर वर्षी जायचे आणि पेरणीआधी म्हसोबालाही नारळ द्यायचे. त्यांना यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

आणि दिवा. घटस्थापनेपासून नऊ रात्री घटापुढचा दिवा जळत राहिला पाहिजे. आमच्या घरी त्या दिव्यापाशी रात्री कुणीतरी आळीपाळीने बसायचं. वारा आला की आडोसा, तेल उतरलं की तेल. देवाचा दिवा 'विझला' म्हणायचं नाही, 'शांत झाला' म्हणायचं. लहानपणी ते काम मला आवडायचं, कारण घरात तेवढा एक कोपरा असा होता की जिथे मला भीती वाटत नसे. बाहेर आराधी पोत पाजळून जायचे, संबळ वाजायचा. तेव्हा दिवा मालवू नका हे मला कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

पण त्याच घरात, त्याच आजीने एक वर्ष रोज संध्याकाळी उलटंच सांगितलं होतं. "दिवा इजवा."

ते साल १९४८. मी जन्मायच्या आधीचं. तेव्हा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आत्ताचा धाराशिव (२०२३ पासून सरकारदरबारीही धाराशिव), निजामाच्या राज्यात. लातूरही तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं आणि रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचाच वकील. जिल्ह्याच्या पश्चिमेला सोलापूरची हद्द, तिथे भारताचं राज्य आणि सत्याग्रहींची शिबिरं. मधली गावं जात्यातल्या दाण्यांसारखी. रझाकारांच्या टोळ्या रात्री यायच्या, लुटायच्या, जाळायच्या. माळावरून उजेड लांबवर दिसतो. उजेड दिसला म्हणजे गाव दिसलं. म्हणून तिन्हीसांजा झाल्या की स्वयंपाक उरकायचा, चुलीवर राख ओढायची आणि अंधारात बसून राहायचं. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा. जो अंधार भुतांचा होता तोच आता पांघरूण झाला. आजी म्हणायची, त्या वर्षी हडळीची कुणाला आठवण झाली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १७ तारखेला निजाम शरण आला. पाच दिवसांत खेळ खलास. हा धडा मी पंचवीस-तीस वर्षं शिकवला. शिकवताना माझा आवाज चढायचा आणि १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणातही तेच. धडा १७ तारखेला संपतो. धारपांच्या कादंबरीसारखाच. पाप बाहेरून आलं, चांगली माणसं उभी राहिली, उजेड झाला.

१८ तारखेला काय झालं ते मला माहीत होतं. आजीने सांगितलं होतं. पण ते मी कधी वर्गात सांगितलं नाही.

आजीने ते मला १९७१ च्या दिवाळीत सांगितलं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. आमच्याच आळीतला एक म्हातारा वारला. मी लहानपणी त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेलो, दर वर्षी हुरड्याला ते मला आवर्जून बोलवायचे. मी मयतीला निघालो तर आजी दारात बसून होती. आळीतल्या सगळ्या बायका गेल्या, ही जागची हलली नाही. "तू जा," म्हणाली, "मी न्हाई येत." परत येऊन आंघोळ झाल्यावर मी विचारलं. तिने एका बैठकीत सगळं सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही.

आमच्या घरामागे एक पिंजारी कुटुंब होतं. गाद्या-दुलया भरायचे. त्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, उलट टोळी आली तर तेही आमच्यासारखेच अंधार करून बसायचे. फौज पुढे गेली आणि दोन-तीन दिवसांत गावोगाव हिशेब चुकते करायला माणसं निघाली. ज्यांनी छळलं ते केव्हाच पळाले होते. उरले होते ते असे. त्या संध्याकाळी पिंजाऱ्याची बायको दोन लेकरं घेऊन आमच्या परड्यात आली. आजोबा घरी नव्हते. आजीने कुणाला विचारलं नाही. परड्यात ज्वारीचं पेव होतं, रिकामं झालेलं.

नव्या पिढीतल्या मंडळींसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं, दीड-दोन पुरुष खोल. बंद पेवात विषारी हवा साठते. उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या गोष्टी आमच्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. म्हणून आधी झाकण काढून वारा लागू द्यायचा आणि मग दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणसाने उतरायचं. मालवला तर नाही.

आजीने दिवा सोडला. ज्या वर्षी गावात कुणी दिवा लावत नव्हतं त्या वर्षी, बाहेर माणसं फिरत असताना, तिने परड्यात दिवा पेटवला. एवढ्या उजेडानेही कुणी येऊ शकलं असतं. पण दिव्याशिवाय त्या तिघांना आत उतरवणं म्हणजे आपल्याच हाताने मारणं. दिवा तळाला जाऊन जळत राहिला. मग तिघं उतरली. वर दगड अर्धवट सरकवून त्यावर कडबा. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी आजोबांनी कडब्याच्या गाडीत घालून त्यांना अक्कलकोटच्या बाजूला तिच्या माहेरी पोचवलं.

पिंजारी स्वतः शेरडं आणायला ओढ्याकडे गेला होता. तो परत आला नाही. कुणी मारलं ते आजीने पाहिलं नव्हतं. पण ओढ्याकडून परत येताना कोण दिसलं, हातात काय होतं, ते पाहिलं होतं. हुरड्याला मला मांडीवर घेऊन बसणारे तेच.

ही एका घरातली गोष्ट झाली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद संस्थानात पाठवली. समितीने अहवाल दिला आणि तो कित्येक दशकं बंद कपाटात राहिला. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीत वाचायला खुला झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात मारल्या गेलेल्यांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजार. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आधी रझाकारांनी केलेले अत्याचार समितीने नाकारलेले नाहीत. आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही तिला भेटले, तेही लिहून ठेवलंय. ते वाचताना आजी डोळ्यांसमोर आली.

तो धडा शिकवताना मी मुलांना फसवलं का? पुस्तकात नव्हतं हे खरं. मला माहीत होतं हेही खरं. गाव लहान, त्या म्हाताऱ्याची नातवंडं माझ्या ओळखीतली, कशाला उगाच, असं म्हणत वर्षं गेली. रझाकारांचं पाप सांगायला सोपं होतं, कारण ते बाहेरून आलेलं. दुसरं आमच्या आळीतून उठून ओढ्यावर गेलं आणि संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसलं. अशा माणसावर भयकथा लिहिता येत नाही. त्याच्या अंगात काही शिरलेलं नव्हतं. एरवी तो चांगलाच होता, आणि मयतीला सगळं गाव लोटलं होतं.

असो. आता पुस्तकाकडे येतो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेची ३ वाजून ५६ मिनिटं. ती वेळ आमच्या भागात लहान मुलालाही पाठ आहे. रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. आम्ही उमरग्यात होतो, भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या, आम्ही रस्त्यावर आलो आणि वाचलो. सकाळ होऊ लागली तशा बातम्या आल्या. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी. सुमारे दहा हजार माणसं गेली.

सगळे म्हणतात काळरात्र. मीही म्हणायचो. पण पंचांग पाहा. अनंत चतुर्दशी म्हणजे चौदावी तिथी, पौर्णिमा तोंडावर. चंद्र जवळजवळ पूर्ण होता. अंधार आभाळात नव्हता, घरात होता. आमच्याकडची माळवदाची घरं तुम्हाला माहीत आहेत. दोन-दोन, तीन-तीन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. पिढ्यान् पिढ्या टाकत आलो. चोरापासून, उन्हापासून, रझाकारापासून वाचवणारं तेच घर अंगावर आलं.

माझा तो विद्यार्थी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याचं गाव सास्तूरच्या बाजूला. आम्ही शिक्षक टेंपोतून भाकरी आणि पाणी घेऊन गेलो, तेव्हा तो भेटला नाही. दवाखान्यात आहे, एवढंच कळलं. घरात आई, धाकटा भाऊ आणि तो. वाचला तो एकटा. त्यानंतर मी गेलो तो घटस्थापनेला, १६ ऑक्टोबरला. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. कपडे, स्टोव्ह, घासलेट असं नेताना काय मनात आलं कोण जाणे, हे पुस्तकही पिशवीत टाकलं. पाच वर्षांपूर्वीचं देणं द्यावं, पोराचं मन जरा रमेल, असं काहीतरी. शिक्षकाची अक्कल!

हात गळ्यात बांधलेला. मला पाहून उठायला लागला, "बसा की सर" म्हणाला. मग आपणहून बोलू लागला. सहा तास आत होता. भाऊ पहिल्यांदाच गेला असावा, त्याचा आवाज आला नाही. आई मात्र बोलत होती. तिला वाटत होतं लाइट गेली आहे. "दिवा लाव की रे, काई दिसंना" असं म्हणत राहिली. हा सांगायचा, आई, हात निघंना. ती पुन्हा म्हणायची, दिवा लाव. मग म्हणायची थांबली.

मी पुस्तक काढलं. त्याने ओळखलं. नाव वाचलं आणि तसंच माझ्या हातात परत दिलं.

"ठेवा सर तुमच्यापाशीच. ह्यात कोण करायलंय ते शेवटी कळतंय. इथं कुणी केलं सांगा."

त्या दिवसांत जो तो तेच शोधत होता. कुणी म्हणे पाप वाढलं, कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे जमिनीखाली ज्वालामुखी आहे. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीच्या आसपास धक्के बसले होते, जमिनीतून आवाज यायचे. तेव्हा लोक बाहेर झोपले आणि काही झालं नाही म्हणून परत आत गेले. मी काय केलं? मी त्याला समजावायला लागलो. दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं, पण पोटात जुनी भेग असते. भिंतीतले दगड एकमेकांना सांधलेले नव्हते. माळवदाचं वजन फार. सगळं खरं होतं. तो वर्गात बसल्यासारखा मान हलवत "हो सर, हो सर" म्हणत राहिला. मग मीच गप्प झालो.

शेडच्या कोपऱ्यात त्याच्या मावशीने घट बसवला होता. पत्रावळीवर माती, ती पडलेल्या घराचीच. दिव्याला वारा लागू नये म्हणून बिस्किटाच्या डब्याचा आडोसा. रात्री दिव्यापाशी कोण बसतं, असं मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्योच बसतोय. झोप न्हाई लागत त्याला."

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसली. सिमेंटची घरं मिळाली. कित्येक वर्षं लोक त्यांच्यात सामान ठेवत आणि स्वतः अंगणात झोपत. माझा विद्यार्थी पुण्याला गेला, एका कारखान्यात लागला, आता त्याचीही मुलं मोठी झाली. दिवाळीला फोन करतो. नातवाला पुस्तक द्यायचं ठरलं तेव्हा मीच त्याला फोन लावला. म्हटलं, वस्तू तुझी आहे, देऊ का?

"द्या की सर. मी वाचलं ते कवाच. पुण्यात लायब्ररीत घावलं." मग जरा थांबून म्हणाला, "वीस पानांसाठी लई थांबवलंत."

मी त्याची माफी मागितली. पट्ट्यांची आणि पुस्तकाचीही. धड्याचं राहिलं होतं, तेही त्या दिवशी सांगितलं. पेव, पिंजारी, ओढा, सगळं. त्याने मधे एकदाही "हो सर" म्हटलं नाही. शेवटी विचारलं, "त्या लेकरांचं काय झालं पुढं?" अक्कलकोटला पोचली एवढंच मला माहीत. पुढचं आजीलाही माहीत नव्हतं.

पुस्तकाची पाठ सुटली होती, ती हिने खळ लावून चिकटवली आहे. भाची पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार, तिच्याबरोबर पाठवतो आहे. जाता जाता नातेवाईक मंडळींना एक विनंती : माझी 'लुचाई'ची प्रत तुमच्यापैकी कुणीतरी वाचायला म्हणून नेली होती. नाव घेत नाही. नातवाला तीही हवी आहे. परत पाठवावी, पहिलं पान नसलं तरी चालेल.